ऐकून घेणं आणि वळवून घेणं

आजचा विषय आहे 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग', मराठीत आपण त्याला प्रेरक संवाद म्हणूया. वजन, साखर, व्यायाम यांवर मार्गदर्शन करणाऱ्या हेल्थ आणि वेलनेस कोचिंगमध्ये या पद्धतीचं नाव हल्ली फार घेतलं जातं. आज आम्हाला तिची ओळख करून द्यायची आहेच, पण तिचा वापर कसा होतोय तेही तपासायचं आहे.

आधी मूळ पाहू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या समस्येवर एक लेख लिहिला. व्यसनी माणसाला खडसावायचं, त्याचा नकार मोडून काढायचा, अशी तेव्हा बऱ्याच ठिकाणी उपचाराची रीत होती. मिलर यांचं म्हणणं नेमकं उलट. माणसाला जितकं रेटाल तितका तो जुन्या सवयीची बाजू मांडतो, आणि जी बाजू आपल्या तोंडून निघते तीच आपल्याला पटत जाते. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्यांनी यावर १९९१ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याची चौथी आवृत्ती २०२३ मध्ये आली.

आता उदाहरण घेऊ. समजा, मधुमेह असलेल्या एका बाईंना कोच विचारतो, "रोज चालणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहामध्ये सांगा." त्या म्हणतात, "चार." आपल्या तोंडी लगेच येतं, "चारच का हो?" झालं! गुडघे दुखतात, सकाळी डबे असतात, अशी न चालण्याची यादी सुरू. प्रेरक संवादात प्रश्न फिरवतात: "चार म्हणालात, दोन का नाही म्हणालात?" मग त्या थांबतात आणि म्हणतात, "आईचा पाय शुगरपायी कापावा लागला. माझं तसं नको व्हायला." बदलाचं कारण त्यांच्याच तोंडून आलं. पद्धतीचं बळ इथे आहे.

आता आमचे आक्षेप. पद्धतीवर कमी, वापरावर जास्त.

पहिला आक्षेप. प्रश्न उचलले, ऐकणं राहिलं. आईच्या पायाबद्दल बाई बोलल्या आणि कोच म्हणाला, "छान! मग उद्यापासून किती पावलं?" तर तो संवाद तिथेच संपला. या पद्धतीच्या मांडणीत आधी नातं जुळतं, मग रोख ठरतो, मग माणूस बोलता होतो, आणि आराखडा येतो शेवटी. हे दोन दिवसांच्या कार्यशाळेत येत नाही. मिलर आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात हेच दिसलं. नुसत्या कार्यशाळेने आलेली सुधारणा टिकली नाही. नंतर आपल्या कामावर अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालं त्यांची टिकली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ध्येय कुणाचं? कंपनीने वजनाचा आकडा आधीच ठरवलाय आणि कोचने फक्त तो कर्मचाऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचा, तर ही गोड बोलून केलेली सक्तीच झाली. मिलर-रोलनिक यांनी २००९ च्या लेखात स्पष्ट लिहिलंय की माणसाला फसवून आपल्याला हवं ते करायला लावणं म्हणजे ही पद्धत नव्हे. त्यात आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते. "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम" हा होकार कित्येकदा मान राखण्यासाठी असतो. त्याला मनाची तयारी समजणं चूक.

तिसरा आक्षेप. ही पद्धत द्विधा मनासाठी आहे, रिकाम्या खिशासाठी नाही. रात्रपाळी करणाऱ्या, घराजवळ चालायला जागा नसलेल्या माणसाचं मन ठाम असू शकतं; त्याच्याकडे नसते ती सोय. त्याला "तुमची अजून तयारी झालेली दिसत नाही" असं सांगणं म्हणजे अडचणीचा दोष त्याच्याच माथी मारणं.

कुणी म्हणेल, पद्धत परिणामकारक आहे ना? आहे. अमेरिकेतल्या 'प्रोजेक्ट मॅच' या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये आले, या पद्धतीवर बेतलेल्या चार भेटींचा परिणाम इतर दोन उपचारांच्या बारा भेटींच्या जवळपास जाणारा निघाला. पण तो दारूच्या समस्येवरचा अभ्यास होता, आणि उपचार करणारे प्रशिक्षित, देखरेखीखाली काम करणारे होते. त्याच्या जोरावर प्रत्येक वेलनेस पॅकेज विकता येणार नाही.

तर मग कोच निवडताना किंवा स्वतः कोच होताना आपण तीन गोष्टी पाहूया. भेटीत जास्त कोण बोललं? ध्येय कुणी ठरवलं? आणि समोरच्याने "नाही, मला हे नकोय" म्हटलं, तर नातं टिकलं का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर पहिली दोन उत्तरं कितीही छान असली तरी उपयोग नाही.

इथे थांबूया. आता तुमचे प्रश्न घेऊ.