क्लोद लोरँचीं एचिंगें : ठशांची परीक्षा

अस्सल पत्र आणि त्याची नक्कल यांतील भेद आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु एका पत्र्यावरून उतरलेले सर्व ठसे सारखेच अस्सल, असा समज चित्रसंग्राहकांत आढळतो. तो किती फसवा आहे, हें बरोक काळांतील क्लोद लोरँच्या एचिंगांवरून दिसून येतें.

लोरेन प्रांतांत जन्मलेला व सन १६८२ मध्यें रोम येथें वारलेला हा चित्रकार मुख्यतः तैलचित्रांसाठीं प्रसिद्ध आहे. एचिंगें त्यानें चाळिसांहून थोडीं अधिक केलीं. त्यांतील बहुतेक सन १६३० नंतरच्या दशकांतलीं. या पद्धतींत तांब्याच्या पत्र्यावर मेण व राळ यांचा पातळ लेप देऊन सुईनें रेखाटन करतात. उघडें पडलेलें तांबें तेजाब खातें. फिकट हव्या त्या रेषा लौकर रोगणानें झांकतात. उरलेल्या अधिक खोल होतात. कोरणीस लागणारा हाताचा नेट येथें लागत नसल्यामुळें पानांचा झुपका लेखणीच्या मोकळेपणानें उमटतो.

सन १६३६ चें 'गुराखी' हें चित्र पाहावें. गुराखी बासरी वाजवीत बसला आहे, गुरें पाण्यांतून चाललीं आहेत. पण चित्राचा खरा विषय झाडांमागील प्रकाश होय. झाडें खोल रेषांनीं गडद केलेलीं, आणि दूरचा प्रदेश इतक्या उथळ रेषांनीं काढलेला कीं कोरा कागदच तेथें उन्हाचें काम करतो. मात्र तांबें मऊ असतें. प्रत्येक छपाईनें पत्रा झिजतो, व प्रथम बळी जातो तो या उथळ रेषांचा. उशिराच्या ठशांत झाडें राहतात, हवा जाते. अशा ठशावरून क्लोदचा हात कच्चा ठरविणें म्हणजे झिजलेल्या नाण्यावरून टांकसाळीस दोष देणें होय.

दुसरा घोटाळा नकलेचा. आपल्या तैलचित्रांची नोंद म्हणून क्लोदनें 'लिबेर व्हेरितातिस' हा रेखाटनसंग्रह ठेविला होता. बनावट चित्रांस आळा घालणें हा त्याचा हेतु होता, असें बाल्दिनुच्ची सांगतो. मूळ संग्रह सन १९५७ पासून ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. रिचर्ड अर्लमनें सन १७७४ ते १७७७ या काळांत त्यावरून जीं चित्रें छापलीं, त्यांत एचिंगला मेझोटिंटच्या छटांची जोड आहे. काम कुशल खरें. पण सुई अर्लमची, क्लोदची नव्हे.

म्हणून आमचें मत असें कीं, संग्राहकानें चित्राच्या नांवावर न थांबतां ठसा कोणत्या अवस्थेंतील, कागद कोणता व दूरच्या रेषा किती शाबूत, हें आधीं नोंदवावें. गुणदोषांचा निवाडा त्यानंतर.