मल्लस्पर्धांची रचना व निकालाची परिभाषा

विजेत्यांच्या जुन्या याद्या वाचतांना अभ्यासक नांव, गांव व वर्ष यांची चिकित्सा कसोशीनें करतो. निकाल सांगणारा शब्द मात्र तो सहसा तपासल्यावांचून पुढें जातो. आमच्या मतें प्रमाद येथेंच शिरतो. स्पर्धेची रचना ठाऊक नसतां निकालाचा शब्द वाचणें म्हणजे ताळा न पाहतां जमाखर्च खरा मानणें होय. ऑलिंपियाच्या ग्रीक मल्लस्पर्धांचीं साधनें या दृष्टीनें फार बोलकीं आहेत. तीं प्रथम पाहूं व मग आपल्याकडील एका प्रसिद्ध निकालाकडे वळूं.

तेथील जोडी लावण्याची रीति इ. स. च्या दुसऱ्या शतकांतील लुशियननें आपल्या 'हर्मोटिमस' या संवादांत वर्णिली आहे. देवाला वाहिलेल्या रुप्याच्या पात्रांत दाण्याएवढ्या लहान सोंगट्या टाकीत. दोहोंवर एक अक्षर, पुढील दोहोंवर दुसरें, असा क्रम. प्रत्येक मल्ल झ्यूसची प्रार्थना करून एक सोंगटी उचली. अक्षर त्यास लगेच वाचतां येऊं नये म्हणून छडीदार त्याचा हात धरून ठेवी. समान अक्षरें ज्यांचीं त्यांची जोड. मल्ल विषम असले तर एक अक्षर एकट्याकडेच राही. हा 'एफेद्रोस', म्हणजे जवळ बसून राहिलेला. यांतील ग्रीक धातु आपल्या 'सद्'चाच भाऊबंद आहे. अशा मल्लास थकलेल्या जेत्याशीं ताज्या दमानें लढावयास मिळे. पॉसेनिअस हा प्रवासी तर स्पष्ट सांगतो कीं, पुतळे उभारलेल्या सर्वच विजेत्यांचा उल्लेख आपण करणार नाहीं, कारण कित्येकांस मुकुट बळानें नव्हे, चिठ्ठीच्या लहरीनें मिळाला. इतका सावध लेखक आमच्या बखरकारांत विरळाच!

दुसरा शब्द 'अकोनिती'. 'कोनिस्' म्हणजे धूळ, आरंभींचा 'अ' हा आपलाच नञ्, अर्थ 'धुळीवांचून'. पाठीस माती लागणें म्हणजे हार, हें ज्याच्या कानीं बाळपणापासून पडलें त्या मराठी वाचकास 'एकदांही न पडतां जिंकलेला' असा अर्थ सहज सुचेल. तो चुकीचा आहे. न पडलेल्यास ग्रीकांत 'अप्तोस' असा निराळाच शब्द होता. 'अकोनिती' म्हणजे प्रतिस्पर्धी समोर उभाच न राहिल्यामुळें लढतीवांचून पदरीं पडलेला विजय. इ. स. पूर्वीं ४८० मध्यें थेसॉसचा थिआजेनीस मुष्टियुद्ध आणि पॅन्क्रेशन (मुष्टि व मल्ल यांचें मिश्र युद्ध) या दोहोंत उतरला. मुष्टियुद्धांत त्यानें युथिमसला हरविलें. परंतु त्या झुंजीनें तो इतका गळाला कीं पॅन्क्रेशन लढण्याचें त्राण उरलें नाहीं, आणि तें मँटिनियाच्या ड्रोमिअसनें 'धुळीवांचून' जिंकलें. असा विजय मिळविणारा हाच पहिला ज्ञात पुरुष, असें पॉसेनिअस म्हणतो. पंचांनीं थिआजेनीसला एक टॅलेंट देवाचा व एक युथिमसच्या हानीबद्दल असा दंड केला. केवळ यादी वाचणारा ड्रोमिअसला अजिंक्य वीर समजेल. त्या दिवशींची खरी झुंज दुसऱ्याच दोघांची होती.

बरोबरीची गोष्ट आणखी नाजूक. निकाल न लागल्यास मुकुट देवास अर्पण होई, व त्या लढतीस 'हिएरा', म्हणजे पवित्र, म्हणत. स्मर्नाचा पॅन्क्रेशनवीर टायबेरियस क्लॉडियस रूफस चांदण्या दिसेपर्यंत लढून बरोबरींत सुटला. त्याचा गौरव करणारा शिलालेख ऑलिंपियासच सांपडला आहे. पराभूत नव्हे, विजेताही नव्हे. तरी त्याची कीर्ति दगडावर कोरली गेली. 'बरोबरींत सुटली' असें आमच्या जत्रेच्या मैदानांत म्हणतात तेव्हां त्यांतही कित्येकदां असाच मान असतो.

आतां आपल्याकडील उदाहरण. खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेल्सिंकी येथें मुक्त कुस्तींतील बॅंटम वजनगटांत कांस्यपदक मिळविलें. त्यांच्या वृत्तांतांत 'उपान्त्य फेरींतील पराभव' असा प्रयोग वाचावयास मिळतो. वस्तुतः त्या स्पर्धेंत उपान्त्य फेरी नव्हतीच. चीतपट विजयास शून्य दोष, गुणांवरील विजयासही एक दोष, पराभवास अधिक, आणि दोषांची ठराविक संख्या भरली कीं मल्ल बाद, अशी ती रचना होती. तिघेच उरले कीं त्यांचा क्रम आपसांतील लढतींवरून ठरे. जाधव त्या तिघांपैकीं एक. जपानचा इशिई व सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव्ह या दोघांकडूनही ते हरले आणि तिसरे आले. 'उपान्त्य' शब्दानें दोन पराभवांपैकीं एक नाहींसा होतो, आणि त्याआधीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी यांच्या मल्लांवर मिळविलेल्या विजयांनीं ते शेवटच्या तिघांत पोंचले, हेंही झांकलें जातें. पदकाचें मोल यानें वाढत नाहीं. उलट तें कशानें मिळालें हेंच कळेनासें होतें.

जत्रेच्या कुस्त्यांस तर हा नियम अधिकच लागू. तेथें चिठ्ठ्या नाहींत, फेऱ्या नाहींत. पंच वय व अंगलोट पाहून जोड ठरवितात, आणि निकाल त्या जोडीपुरताच असतो. म्हणून अमक्यानें मैदान मारलें, एवढ्यावरून त्यानें जमलेल्या सर्वांस जिंकलें असें लिहूं नये. ज्यांच्या संग्रहीं जुन्या मैदानांचीं हस्तपत्रकें असतील त्यांनीं बक्षिसाच्या यादीबरोबर जोडींचा कागदही, फाटका असला तरी, त्याच बस्त्यांत बांधून ठेवावा.