समाधान देवामुळे, की देवळातल्या सोबत्यांमुळे?

'देवाशी नातं जुळलं की खरं समाधान मिळतं.' हे वाक्य कीर्तनात ऐकलं तर आपण मान डोलावतो. सिनॉप्सिसमध्ये लिहिलं तर गाइड लगेच विचारतात, 'मोजणार कसं?' या प्रश्नावर काम करायचं असेल तर चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम यांचा 2010 चा पेपर वाचावाच लागतो. 'अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू'मध्ये तो आला होता.

त्यांनी 2006 मध्ये तीन हजारांहून जास्त अमेरिकन लोकांना प्रश्न विचारले आणि 2007 मध्ये त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांना पुन्हा गाठलं. त्याच माणसांना दोनदा विचारणं ही पेपरची मोठी ताकद. एकदाच केलेल्या सर्व्हेतून फक्त सहसंबंध कळतो. आधी काय बदललं आणि नंतर काय, हे त्यातून समजत नाही.

निष्कर्ष असा की नियमित चर्चला जाणारे जास्त समाधानी असतात, पण ते तिथे जवळचे मित्र असतील तर. देवाबद्दलची खाजगी भावना वेगळी काढून पाहिली, तर तिचा स्वतंत्र परिणाम फारसा दिसला नाही. इथूनच लोक सांगू लागतात, 'म्हणजे देव वगैरे काही नाही, मित्र महत्त्वाचे.'

थांबा, पेपरचा दुसरा अर्धा भाग राहिला. ही मैत्री समाधान देते ती ज्यांची धार्मिक ओळख पक्की आहे त्यांना. याला म्हणतात आंतरक्रिया. धानाला युरिया टाकला, पण बांधीत ओलच नसेल तर उपयोग काय? मग पीक खतामुळे आलं की पाण्यामुळे, हा प्रश्नच चुकीचा ठरतो.

आता हीच प्रश्नावली मुलचेरा तालुक्यात नेऊन बघा. गोंड समाजात कुळं चार, पाच, सहा, सात देवांची असतात आणि देवांची संख्या सारखी असेल तर सोयरीक होत नाही. म्हणजे देव कोणते, यावरून भाऊबंद कोण आणि सोयरे कोण हे ठरतं. तिथे 'खाजगी श्रद्धा' आणि 'सामाजिक नाती' हे दोन चल वेगळे करणार कसे? एखादा चल 'कंट्रोल' करायचा तर एक गोष्ट आहे पण दुसरी नाही, अशी माणसं सॅम्पलमध्ये लागतात. ती नसतील तर सॉफ्टवेअर आकडा देईल, पण त्याला अर्थ राहणार नाही. याच तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत. तिथल्या दुर्गापूजेला 'दर आठवड्याची हजेरी' हा रकाना कसा लावणार?

माझा मोठा आक्षेप मापावर आहे. पेपरने मोजलं ते आयुष्याबद्दलचं समाधान. तुकोबांचं उदाहरण घ्या. दुष्काळात पहिली पत्नी गेली, धंदा बुडाला. अभंगांत ते विठ्ठलाशी भांडतात, रुसतात, तळमळतात. 'एकूण आयुष्याबद्दल किती समाधानी आहात?' असं त्यांना विचारलं असतं, तर गुण कमीच पडले असते कदाचित. पण म्हणून देवाशी त्यांचं नातं कच्चं होतं, असं कोण म्हणेल? भक्तीतलं समाधान दुःखासोबतही नांदतं. ते या मापात सापडत नाही.

त्यामुळे या पेपरवरून 'देव सुख देतो' हे सिद्ध होत नाही आणि 'देत नाही' हेही नाही. त्याने तसा दावा केलेलाही नाही, तो वाचणाऱ्यांनी केला.

पेपर जरूर वाचा, त्याची पद्धत शिका. प्रश्नावली मात्र भाषांतर करून उचलू नका. आधी गावात बसून गोंडी, माडिया, बांगला, मराठी बोलणारी माणसं 'समाधान' कशाला म्हणतात ते ऐका, आणि मगच रकाने आखा. यात सहा महिने गेले तरी चालतील, कारण चुकीच्या मापाने पाच वर्षं गोळा केलेला डेटा शेवटी काहीच सांगत नाही.