‘साभार’ लिहिले की परवानगी मिळाली?

शाळांची, शिक्षकसंघटनांची आणि विज्ञानमंडळांची वार्तापत्रे आम्ही आवडीने वाचतो. त्यांतील एक सवय मात्र खटकते. एखाद्या शिक्षकाने चार परिचितांना कळवलेली नोंद आवडली, की संपादक ती जशीच्या तशी उचलतात आणि खाली ‘साभार’ किंवा ‘संकलित’ असे लिहून मोकळे होतात. लेखकाला ते छापून आल्यावर कळते. कित्येकदा कळतही नाही. हेतू ज्ञानप्रसाराचा असतो, हे मान्य. तरीही विज्ञानाच्या दृष्टीनेच ही सवय घातक आहे, असे आमचे मत आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी, मार्कंडा हे प्राचीन देवळांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. या तालुक्याच्या जंगलात गिधाडांच्याही नोंदी आहेत. समजा, तेथील एका शिक्षिकेने परिचितांना लिहिले : ‘अमुक नाल्याकाठच्या झाडावर गिधाडाचे घरटे दिसले. पाठ पांढरी वाटली. पुन्हा जाऊन खात्री करीन.’ वार्तापत्रात मथळा येतो : ‘मार्कंड्याजवळ पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचे घरटे!’

येथे काय काय बिघडले ते पाहा. ‘वाटली’ हा शब्द गळाला आणि अंदाजाचे निरीक्षण झाले. तारीख व निरीक्षकाचे नाव गेले, म्हणजे पडताळणीचा मार्ग बंद झाला. पुढे शिक्षिकेला ओळख चुकल्याचे कळले, तरी तिची दुरुस्ती त्या वाचकांपर्यंत पोहोचणार नाही. सर्वांत गंभीर म्हणजे घरट्याची जागा जाहीर झाली. १९९०च्या दशकात भारतातील गिधाडांची संख्या कोसळली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यामागे असल्याचे २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले आणि २००६मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची मादी एका हंगामात एकच अंडे घालते. अशा घरट्याभोवती हौशी गर्दी झाली, तर त्या जोडीचे ते वर्ष वाया जाऊ शकते. आधी विचारले असते, तर शिक्षिकेने बहुधा होकारच दिला असता. फक्त ‘जागा छापू नका आणि थोडे थांबा’ असे सांगितले असते.

म्हणूनच परवानगी हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. छपाईपूर्वीची ती शेवटची तपासणी आहे.

कायदाही हेच सांगतो. पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा, मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १७४१ साली, कवी अलेक्झांडर पोप यांची पत्रे न विचारता छापणाऱ्या कर्ल या प्रकाशकाविरुद्धच्या खटल्यात मान्य झाले. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मजकूर लिहिला जाताच हक्क निर्माण होतो. नोंदणीची सक्ती नाही. वर्गात शिकवताना उतारा वापरण्याची सवलत शिक्षकाला आहे, पण वार्तापत्र म्हणजे वर्ग नव्हे. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक वा धार्मिक विषयांवरील लेख नियतकालिकांना काही अटींवर पुनर्मुद्रित करता येतात. त्या यादीत विज्ञान नाही. ‘साभार’ या शब्दाने श्रेय दिले जाते, परवानगी मिळत नाही.

लहान वार्तापत्रांना हे कसे परवडणार, असा आक्षेप येईल. उत्तर सोपे आहे. एक दूरध्वनी पुरतो. उत्तर आले नाही, तर आशय स्वतःच्या शब्दांत, स्रोत सांगून मांडावा. कारण हक्क मांडणीवर असतो, वस्तुस्थितीवर नसतो. नाजूक जागा मात्र तेव्हाही गाळावी. विचारण्याची रीत या जिल्ह्याला नवीही नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने बाहेरच्यांनी गावात काही करण्यापूर्वी ग्रामसभेला विचारावे, असा आग्रह धरला. जंगलाबाबत जे गावाला सुचले, ते निरीक्षणाबाबत संपादकांना अवघड वाटू नये.

शिक्षकांनी याची सुरुवात शाळेच्या भित्तिपत्रकापासून करावी. विद्यार्थ्याची नोंद लावण्याआधी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात : ही तुझीच आहे का, हिची तुला खात्री आहे का आणि ही सर्वांनी वाचलेली चालेल का? तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर आले, तर तेही मानावे.