प्रश्नावलीतून ‘इच्छामरण’ काढा

आयुष्याच्या अखेरच्या उपचारांबद्दल लोकांची समज तपासायची ठरवली, की प्रश्नावलीत पहिला प्रश्न हमखास येतो: ‘इच्छामरणाला तुमचा पाठिंबा आहे का?’ तुमच्या मसुद्यातही तो असेल, तर आधी खोडा. कारण सांगते.

हा एक शब्द तीन गोष्टी पोटात घेऊन बसलाय. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणं, जे भारतात बेकायदा आहे. बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर काढणं किंवा लावूच नये असं ठरवणं, ज्याला ठरलेल्या प्रक्रियेने मुभा आहे. आणि शुद्धीत असताना आपली सूचना लिहून ठेवणं. उत्तर ‘हो’ आलं, तर ते कशाला? विश्लेषण करताना तुम्हालाच सांगता येणार नाही.

दुसरी अडचण उदाहरणाची. मराठीत हा विषय निघाला की अरुणा शानबाग आठवतात. १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत त्या केईएम रुग्णालयात होत्या. पण त्या स्वतः श्वास घेत होत्या आणि त्यांनी आधी काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. २०११ च्या निकालात कळीचा मुद्दा होता, त्यांच्या वतीने बोलायचं कोणी? याचिका करणाऱ्या पिंकी विराणी यांनी, की सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांनी? न्यायालयाने कौल कर्मचाऱ्यांच्या बाजूने दिला. आगाऊ सूचनेची गरज दाखवायला ही केस उत्तम आहे. ती सूचना म्हणजे काय हे समजावायला मात्र अपुरी.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा सूचनेला मान्यता दिली. २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. ती लागू होते रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नाही तेव्हाच, तीही डॉक्टरांच्या दोन मंडळांच्या तपासणीनंतर.

आता हेच खुलताबादेत विचारायचंय असं समजा. मरणानंतरच्या इच्छेबद्दल तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे इथे दफन झाला, हे गावाला पाठ आहे. पण ‘इच्छापत्र’ म्हणा किंवा ‘वसीयत’, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जमीन, घर, नाहीतर कबर येणार. मरणाआधीच्या दिवसांसाठीही इच्छा लिहिता येते, हे त्या शब्दांत येतच नाही.

म्हणून प्रसंग सांगून विचारा. ‘वडील बेशुद्ध आहेत. बरे होणार नाहीत असं डॉक्टर म्हणतात. मशीन लावायचं की नाही, हे घरात कोण ठरवेल? वडिलांनी आधी लिहून ठेवलं असतं, तर ते मानलं जाईल का?’

‘पण लोकांना तोच शब्द माहीत आहे ना!’ असं गाईड म्हणतील. बरोबर आहे. मग तो शेवटी ठेवा, खुला प्रश्न म्हणून: ‘इच्छामरण म्हणजे काय, तुमच्या शब्दांत सांगा.’ तिथे तो शब्द माहिती देईल. सुरुवातीला ठेवलात, तर पुढची सगळी उत्तरं त्याच्याच रंगात निघतील, आणि ‘लोक उपचार थांबवण्याच्या विरोधात आहेत’ असा चुकीचा निष्कर्ष तुमच्या नावावर छापला जाईल.