पासपोर्ट घटनेचा, व्हिसा गावाचा

सोनपेठला बी.ए.च्या वर्गात मी युरोपातील शेंगेन कराराविषयी बोलत होतो. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या मोझेल नदीकाठच्या खेड्यात पाच देशांनी हा करार केला आणि मार्च १९९५ पासून सीमेवरचे नाके प्रत्यक्षात उठू लागले. आज एकोणतीस देश या व्यवस्थेत आहेत. ज्या जर्मनीने आणि फ्रान्सने दोन महायुद्धांत एकमेकांची माणसे कापली, त्यांच्या सीमेवरून माणूस व्हिसा न घेता जातो, हे मी काहीशा कौतुकाने सांगत होतो. तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, त्यात काय एवढं? आमचे मायबाप दरसाल कर्नाटकात ऊस तोडायला जातेत. त्यायला कोण व्हिसा मागतंय?"

वर्ग हसला. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र त्या हसण्याची मला लाज वाटली. कारण याच प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक पुस्तिका लिहून ठेवली आहे, आणि ती मी अनेकदा वाचलेली होती. 'वेटिंग फॉर अ व्हिसा', म्हणजे व्हिसाच्या प्रतीक्षेत, हे तिचे नाव. बाबासाहेबांच्या हस्ताक्षरातील हा मजकूर पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली छापला. १९९३ साली तो महाराष्ट्र शासनाच्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात आला. आपण तो आत्मकथन म्हणून वाचतो, अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून वाचतो. तो प्रवासवर्णन म्हणूनही वाचला पाहिजे, असे मला वाटते. तो इंग्रजीत आहे, एवढे कारण मराठी प्रवासवर्णनाच्या चर्चेतून त्याला बाहेर ठेवायला पुरेसे नाही.

प्रस्थापित मराठी प्रवासवर्णनांत पासपोर्ट-व्हिसाची धावपळ हा बहुधा विनोदाचा भाग असतो. कचेरीतले खेटे, हरवलेला कागद आणि मग विमान. एकदा विमान सुटले की लेखक मोकळा. जग त्याचे स्वागत करणार हे त्याने गृहीत धरलेले असते. बाबासाहेबांच्या पुस्तिकेत व्हिसाची कचेरी कुठेही नाही. परदेशाची सीमाही नाही. प्रवास आहे तो मसूर स्टेशनपासून वडिलांच्या गावापर्यंतचा, बडोद्याचा, चाळीसगावचा आणि दौलताबादचा. मग शीर्षकात व्हिसा कशासाठी?

याचे उत्तर मजकुराच्या आरंभीच मिळते. हे लेखन परकीय वाचकासाठी आहे. अस्पृश्यता असते हे त्याला ठाऊक आहे, पण ती माणसाला रोज कशी ग्रासते हे त्याला उमगत नाही. म्हणून बाबासाहेबांनी त्याच्याच अनुभवातला शब्द उचलला. व्हिसा परक्याला मागतात, आपल्या माणसाला नाही. हा माणूस आपल्याच देशात व्हिसासाठी खोळंबला आहे, म्हणजे त्या देशाने त्याला परका ठरवले आहे. एवढा मोठा आरोप केवळ शीर्षकात करून आत त्यांनी साधे प्रसंग सांगितले. आक्रोश नाही, विशेषणांची आरास नाही.

हे प्रसंग सीमेच्या दृष्टीने वाचून पाहा. १९०१ साल. चांगले कपडे घातलेली काही मुले मसूर स्टेशनवर उतरतात. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. महार हा शब्द कानी पडताच त्याचा चेहरा बदलतो. रेल्वेचे तिकीट खरे आहे, खिशात पैसे आहेत, बैलगाड्याही उभ्या आहेत, पण गाडीवान मिळत नाही. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने शेजारून चालायचे, असा तह होतो. वाटेत टोलनाका लागतो. गाडी तिथपर्यंत येते, पण पाणी मिळत नाही. राज्याला टोल हवा आहे, तो जातीचा विटाळ मानत नाही. विटाळ पाण्याच्या घोटाला आहे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी नोंदवत नाही. या प्रवासांत बनावट ओळखपत्रे आहेत. टोलनाक्यावर मुसलमान म्हणून सांगा, असा सल्ला गाडीवान देतो. बडोद्याच्या पारशी उताऱ्यात राहण्यासाठी परदेशातून शिकून आलेल्या या विद्वानाला पारशी नाव घ्यावे लागते. १९३४ च्या दौलताबादच्या प्रवासात सगळी मंडळी शक्य तिथे आपली ओळख न देता जातात. आणि ही बनावट ओळख टिकत नाही. टोलनाक्यावर पाणी मिळत नाही. बडोद्यात काठ्या घेतलेला जमाव दारात येतो. दौलताबादला किल्ल्याच्या हौदावर हातपाय धुतले म्हणून आरडाओरडा होतो, आणि मग किल्ला पाहताना पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारी शिपाई दिला जातो. दौलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात. सरहद्द ओलांडताना त्यांना कोणी अडवले नाही. अडवले ते हौदावर.

चाळीसगावचा १९२९ चा प्रसंग याहून बोचरा आहे. तिथे काही लपवलेले नाही. पाहुण्याला टांग्यातून न्यायचे, हा वस्तीचा मान आहे. पण टांगेवाल्याला महाराचा सारथी होणे कमीपणाचे वाटते. म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेला वस्तीतलाच एक माणूस लगाम धरतो, नदीवरच्या मोरीवर अपघात होतो आणि बाबासाहेब दगडांवर फेकले जातात. टांगा मिळाला, रस्ता मोकळा होता, फक्त हाकणारा मिळाला नाही. व्हिसा नाकारला की माणूस नुसता माघारी जातो असे नाही, त्याच्या जिवावरही बेतते.

हे सारे ध्यानात ठेवून घटना उघडावी. कलम १९ भारतभर कुठेही जाण्याचे आणि कुठेही राहण्याचे स्वातंत्र्य देते. हा आपला पासपोर्ट. पण घटनेने तेवढ्यावर भागवले नाही. कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांची यादी आहे. घटनेच्या कलमात विहिरी आणि घाट कशासाठी, असे कोणाला वाटेल. मसूरचा रस्ता आणि दौलताबादचा हौद ज्याने वाचला आहे, त्याला तसे वाटणार नाही. आणि कलम १७ तर अस्पृश्यताच नष्ट करते. म्हणजे घटनाकारांनी व्हिसा सोपा केला नाही, व्हिसा देणारी कचेरीच बेकायदा ठरवली. मला तरी या पुस्तिकेचे खरे उत्तरार्ध ही कलमे वाटतात.

युरोपचे उदाहरणही या कसोटीवर घासले पाहिजे. तिथे नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात ओळखपत्रावर तीन महिने राहता येते. त्यापुढे काम हवे किंवा पोटापुरते साधन हवे. म्हणजे सीमेवरची अट उठली, पण गरिबीवरची राहिली. २०१० साली फ्रान्सने रुमानिया-बल्गेरियातून आलेल्या रोमा लोकांच्या वस्त्या मोडून त्यांना परत धाडले. ते युरोपीय संघाचे नागरिक होते. ज्यांचे पूर्वज शतकांपूर्वी भारतातून गेले, ती ही भटकी माणसे. नाके उठलेल्या खंडातही त्यांना वेस आडवी आली. २०२४ च्या सप्टेंबरात जर्मनीने तर आपल्या सर्व जमिनी सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. तरीही नाके उठवता येतात हे युरोपने दाखवले, त्याचे मोल मी कमी लेखत नाही.

आता त्या विद्यार्थ्याकडे वळू. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोनपेठ, गंगाखेड, परळी या भागातून ट्रक भरून माणसे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत परत फिरता येत नाही. जायला कोणी अडवत नाही, यायला मात्र मुकादमाची परवानगी लागते. कलम १९ चे हे अर्धेच पान त्यांच्या वाट्याला आले आहे. आणि जिथे जातात तिथे कोप्या गावाबाहेर पडतात. या टोळ्यांत सगळेच दलित नसतात. वंजारी आहेत, लमाण आहेत, इतरही आहेत. पण ज्याने गावातली वेस पिढ्यान्पिढ्या पाहिली आहे, तो कोपी पाहताच ओळखतो की वेसही आपल्याबरोबर ट्रकमध्ये बसून आली. याला मी प्रवास म्हणणार नाही. प्रवासात माणूस स्वतः जातो. इथे माणूस नेला जातो. मुलाची शाळा तेवढी मागे राहते.

आणि स्वतःविषयीही बोलले पाहिजे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरी लागल्यावर जिल्ह्याच्या गावी खोली पाहायला गेलो, तेव्हा घरमालकाने नोकरी विचारली, पगार विचारला, समाधान झाले. मग त्याने आडनाव विचारले. मी जे सांगितले, त्यावरून त्याला काही कळेना. तेव्हा त्याने गाव विचारले, मग गावातला कोणता भाग ते विचारले. खोली नंतर 'पाहुण्यांसाठी ठेवायची' निघाली. यात नवे काही नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकाकडे अशी एक खोली असेल. मला सांगायचे आहे ते पुढचे. पुढच्या घरी मी आडनाव सांगितलेच नाही. नुसते 'प्राध्यापक' म्हणालो, आणि खोली मिळाली.

म्हणजे बडोद्याच्या उताऱ्यात बाबासाहेबांनी जे नाव नाइलाजाने घेतले होते, त्याचेच एक शहाणे रूप मी वापरले. 'सर' हा माझा व्हिसा झाला. पदवी, हुद्दा, गाडी, बदललेले आडनाव असे एकेकाचे व्हिसे आपण शिकलेल्यांनी मिळवले आहेत आणि त्यालाच मुक्ती समजू लागलो आहोत. पण व्हिसा मिळाला म्हणजे तो देण्याचा समोरच्याचा अधिकार आपण मान्य केला. ज्याला तो मिळाला नाही, त्याच्याकडे आपण पाठ केली. बाबासाहेबांना बडोद्यात राहता आले नाही. त्यानंतर ते आणखी चांगले खोटे नाव शोधत बसले नाहीत. महाडला गेले.

त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला ही पुस्तिका वाचायला दिली. शिमग्यानंतर टोळी परत आली की त्याच्या आईबापांना भेटायला जायचे ठरवले आहे. या वेळी नाव सांगून, आडनाव सांगून आणि वस्ती सांगून जाणार आहे.