एक नाटक, दोन रात्री

नाटकाच्या आवडीला वेळापत्रकाची शिस्त लावावी लागते, हे मुंबई-पुण्याच्या रसिकाला वृत्तपत्रातील जाहिरातींचे पान शिकवते. झाडीपट्टीतील रसिकाला ते भिंतीवर चिकटवलेली पत्रके शिकवतात. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू होतात, धान कापून खळ्यावर येते, हाती चार पैसे खेळू लागतात, आणि तेव्हापासून थेट होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांतील रात्री नाटकांनी भरून जातात. या सगळ्या व्यवहाराचे ठाणे म्हणजे वैनगंगेच्या काठचे वडसा, अर्थात देसाईगंज. नदीपलीकडे ब्रह्मपुरी, अलीकडे आरमोरी व कुरखेडा, वर लाखांदूर आणि अर्जुनी-मोरगाव. चारही जिल्ह्यांची गावे येथून एका रात्रीच्या पल्ल्यात येतात, आणि गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरील स्थानक हाताशी आहे. म्हणूनच नाटक कंपन्यांनी आपल्या कचेऱ्या येथे थाटल्या. वृत्तपत्रे या कंपन्यांची संख्या पन्नासच्या आसपास सांगतात आणि कौतुकाने या गावाला ‘झाडीवूड’ म्हणतात.

अशा गावाच्या परिसरात राहणाऱ्या नाट्यवेड्या माणसापुढे दर हिवाळ्यात एकच पेच उभा राहतो. नाटके शेकड्यांनी, रात्री मात्र मोजक्या. प्रयोग रात्री नऊ-दहाला सुरू होतो आणि पहाटे संपतो. म्हणजे एका नाटकाची किंमत एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा अर्धा भाग. त्यात आपण ख्रिस्ती कुटुंबातील माणसे. हंगामाच्या ऐन भरात आगमनकाळाचे चार रविवार येतात, नाताळ येतो, आणि होळीच्या आगेमागे राखेचा बुधवार येऊन ठेपतो. शनिवारची रात्र मंडपात काढून रविवारच्या मिस्साला डोळे उघडे ठेवणे सोपे नाही. तेव्हा साऱ्या हंगामात फार तर बारा रात्री निघतात. त्या कशा खर्चाव्यात, हा प्रश्न वरवर घरगुती वाटला तरी तो समीक्षेचाच प्रश्न आहे, असे माझे मत आहे. कारण काय पाहायचे हे ठरवताना आपण नाटकाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, तेही ठरत असते.

बहुतेक जण पत्रकावरील नावे वाचून निवड करतात. मुंबईची कोण अभिनेत्री येणार, दूरदर्शनवर दिसलेला कोणता नट येणार, याची अक्षरे नाटकाच्या नावापेक्षा मोठी असतात. दुसरी पद्धत अशी की शक्य तितकी वेगवेगळी नाटके पाहावीत. बारा रात्री, बारा नाटके. मला या दोन्ही पद्धती अपुऱ्या वाटतात. मी वाचकांना सुचवतो ते असे : बारा रात्री असतील तर नाटके सहाच निवडावीत, आणि प्रत्येक नाटक दोनदा पाहावे, एकदा हंगामाच्या आरंभी, एकदा हंगाम उतरणीला लागल्यावर, आणि तेही दुसऱ्या गावी.

याचे कारण या रंगभूमीच्या घडणीतच आहे. येथील कंपनीला तालमीसाठी थोडे दिवस मिळतात. पुढे रोज नवे गाव, रोज नवा मंडप. नट अनेकदा प्रॉम्प्टरच्या आधाराने उभा राहतो. म्हणजे कार्तिकात दिसणारे नाटक हे पूर्ण झालेले नाटक नसून नाटकाचा खर्डा असतो. ते घडते प्रयोगांमधून. कोणत्या वाक्याला माणसे गप्प होतात, कोणत्या प्रसंगात बाया पदर डोळ्यांना लावतात, कुठे मागच्या रांगा उठून चहाच्या दुकानाकडे जातात, हे पाहून नट आपला स्वर बदलतो. माघात तेच नाटक पाहावे तर ते कधी पिकलेले असते, कधी हशांच्या हव्यासाने नासलेले असते. दोन्ही गोष्टी समजण्यासाठी पहिली रात्र आठवणीत असावी लागते. शहरातून एखादा समीक्षक येतो, एक प्रयोग पाहतो आणि ‘भडक’ असा शेरा मारून पहाटेच्या गाडीने परततो. त्याचा शेरा खोटा असतोच असे नाही. परंतु तो खर्ड्यावर दिलेला निकाल असतो. अंजिराच्या झाडाला फळ नाही म्हणून ते तोडावयास निघालेल्या धन्याला माळ्याने आणखी एक वर्ष मागितले, हा प्रभूचा दृष्टांत आपल्या परिचयाचा आहे. माळ्याने झाडाची स्तुती केली नाही; फक्त वेळ मागितला. झाडीपट्टीच्या नाटकाला समीक्षकाकडून तेवढेच हवे आहे.

वेळ द्यायचा म्हणजे दोष झाकायचे, असा याचा अर्थ नव्हे. मोठा दोष आहे तो अंकांमध्ये घुसवलेल्या नृत्यांचा. कथानकात मुलीच्या हुंड्यापायी बाप खचला आहे आणि पडदा पडताच चित्रपटातील गाण्यावर नाच सुरू होतो, असे घडते. आपल्या गोव्याच्या बांधवांच्या तियात्राशी याची तुलना उद्बोधक ठरेल. १८९२ साली मुंबईत ज्याचा पहिला प्रयोग झाला, त्या तियात्रातही अंकांच्या मध्ये गाणी असतात आणि त्यांचा कथानकाशी संबंध असतोच असे नाही. तरीही ती उपरी वाटत नाहीत, कारण ‘कांतारां’ गाणारा गावाविषयी, राज्यकर्त्यांविषयी, कुटुंबाविषयी काही बोलत असतो. तेव्हा नाटकात मध्येच गाणे येणे हा दोष नाही. गाण्याजवळ बोलण्यासारखे काही नसणे हा दोष आहे. ज्या स्त्रीला केवळ शिट्ट्यांसाठी उभे केले जाते, तिचीही ही उपेक्षाच आहे. दुसऱ्या रात्री हे विशेष तपासावे : नाच वाढले की नाटक वाढले?

दुसरा दोष भाषेचा. नायक-नायिका प्रमाण मराठीत बोलतात आणि झाडीबोली पुष्कळदा विनोदी पात्राच्या वाट्याला येते. ज्या बोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या संशोधकाने निष्ठेने केला, ती बोली रंगमंचावर हसण्यापुरतीच उरावी का? दंडार आणि खडी गंमत हे या नाटकांचे पूर्वज; त्यांत ही बोली सर्व रसांत वावरते. म्हणून सहा नाटकांच्या जोडीला मंडईतील एखादी दंडार अवश्य पाहावी. तिला तिकीट नसते, आणि ती दिवसाही पाहता येते.

गुणांच्या बाजूला पाहावे तर या रंगभूमीइतका थेट सामाजिक विषय हाताळणारे व्यासपीठ आपल्या भागात दुसरे नाही. हुंडा, दारू, भाऊबंदकी, कर्ज हे तिचे नेहमीचे विषय. नवरगावच्या सदानंद बोरकरांनी ‘आत्महत्या’ हे नाटक शेतकऱ्याच्या मरणावर उभे केले, आणि ते पाहणारा प्रेक्षक स्वतः शेतकरी होता. हा योग शहरी नाट्यगृहात क्वचितच येतो. गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या पाच हजारांवर प्रयोगांचा आणि आठशे भूमिकांचा उल्लेख झाला. या आकड्यांमागे रात्रीचा प्रवास, थंडी आणि बसलेला घसा आहे, हे आपण विसरू नये.

शिवाय हे नाटक कंपनीइतकेच गावाचेही असते. गावातील मंडळ कंपनी ठरवते, मंडप उभारते, तिकिटे विकते. नफा झाला तर तो गावाच्या कामी लागतो, तोटा झाला तर मंडळाची मुले तो सोसतात. शंकरपटाला जमणारे पाहुणे हा या गणिताचा मोठा आधार. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा तो डळमळला. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला. मधल्या काळात २०२०-२१चा हंगाम महासाथीने मोडला. एवढ्यातूनही मंडप पुन्हा उभे राहिले, यावरून गावाला नाटक किती हवे आहे हे दिसते.

आपल्या काही घरांतून अजूनही नाटक म्हटले की नाक मुरडले जाते. त्यांच्यासाठी एक स्मरण पुरेसे आहे. पुढे पोप दुसरे जॉन पॉल झालेले कारोल वोयतिवा हे १९४१ साली, नाझी अंमलाखालील क्राकुव शहरात, घराघरांतून चोरून नाटक करणाऱ्या मंडळीत नट होते. नेपथ्य नाही, पोशाख नाही, केवळ शब्द. १९९९ साली कलावंतांना त्यांनी जे पत्र लिहिले, त्यामागे हा अनुभव होता. शब्दासाठी जीव धोक्यात घालणाऱ्यांची ती रंगभूमी आणि प्रॉम्प्टरच्या कुजबुजीवर चालणारी आपली रंगभूमी, यांत अंतर मोठे आहे. पण त्यामुळेच आपली मागणी स्पष्ट होते : नटाला शब्द पाठ हवेत, आणि ते पाठ करण्याजोगे लिहिलेले हवेत.

तेव्हा यंदा आखणी करताना नाताळपूर्वीच्या सहा रात्री नव्या नाटकांना द्याव्यात, शक्यतो शनिवार टाळून. जानेवारीपासून राखेच्या बुधवारापर्यंतच्या सहा रात्री त्याच नाटकांना, दुसऱ्या गावी. घरातील तरुण मुलामुलींना सोबत न्यावे आणि शेवटच्या अंकापर्यंत बसावे. पहाटे चारला मंडपात किती माणसे जागी आहेत आणि ती कशासाठी जागी आहेत, हे वहीत टिपावे. मग ते टिपण घेऊन वडशाच्या कचेरीत जावे आणि लेखकाला, दिग्दर्शकाला समोर बसून सांगावे. पुढच्या वर्षाचे नाटक तेथेच ठरत असते. त्या वेळी जाणत्या प्रेक्षकाचा शब्द कानी पडलेला असावा.